लेकरांना घेऊन सवाईला: वऱ्हाडातून पुण्याला निघणाऱ्या आईबापांचे नेहमीचे प्रश्न

डिसेंबर तोंडावर आला की पुण्याला जायचं काहीतरी निमित्त निघतंच. कोणाचा भाऊ चाकणला कंपनीत असतो, कोणाची बहीण पिंपरीला दिलेली असते, कोणाचं लग्न असतं. आणि मग विचारणा होते, "त्याच दिवसांत सवाई गंधर्व असते म्हणतात, लेकरं नेली तर चालतील का?" मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि घरची लेकरं घेऊन या महोत्सवाला जात आलो आहे. त्यामुळे दर्यापूर-मूर्तिजापूर भागातले आईबाप हे प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जरूर न्या. पण महोत्सव "दाखवायला" नेऊ नका, एक बैठक ऐकवायला न्या.

हा महोत्सव नेमका काय असतो?

पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली तो सुरू केला. गुरू म्हणजे सवाई गंधर्व, मूळ नाव रामभाऊ कुंदगोळकर. ते १९५२ मध्ये गेले. आर्य संगीत प्रसारक मंडळ हा महोत्सव भरवतं. जानेवारी २०११ मध्ये भीमसेनजी गेले आणि त्यानंतर त्यांचंही नाव त्याला जोडलं गेलं, म्हणून आता तो सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. लोक मात्र नुसतं "सवाई" म्हणतात.

पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्र-रात्र गाणं चालायचं. २०१८ पासून तो मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानात भरतो. डिसेंबरच्या मध्याला, साधारण बुधवार ते रविवार. दुपारी सुरू होतो आणि एरवी रात्री दहाला थांबतो, कारण रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वाजवायला कायद्याने बंदी आहे. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, त्यातला एखादा दिवस मिळाला की त्या दिवशी कार्यक्रम लांबतो. लेकरं सोबत असणाऱ्यांना दहाची मर्यादा सोयीचीच आहे.

गायन तर असतंच, शिवाय सतार, सरोद, बासरी, संतूर, व्हायोलिन असं वादनही असतं. एखाद्या वर्षी नृत्यही असतं.

लेकरू किती वर्षांचं असावं?

सहा-सातच्या पुढचं असेल तर निवांत न्या. तीन ते सहामधलं असेल तर तासभर बसेल, मग हिंडायला मागेल, त्याची तयारी ठेवा. त्याहून लहान लेकरू आईजवळ झोपून ऐकतं आणि ते काही वाईट नाही, पण आईचं ऐकणं होत नाही. तेव्हा सोबत तिसरं माणूस असू द्या, मावशी असो की आत्या, म्हणजे आळीपाळीने बाहेर जाता येतं.

आमच्या लेकरांनी शास्त्रीय गाणं कधी ऐकलंच नाही. त्यांना काय समजणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

खेड्यातलं लेकरू गाण्याशिवाय वाढलेलं नसतंच. काकड्याला ते आजीच्या कुशीत असतं. सप्ताहात टाळकऱ्यांच्या मागे ते नाचतं. गुरुकुंज मोझरीच्या वाटेवरच्या गावांत तर तुकडोजी महाराजांची खंजिरी पाळण्यापासून कानावर पडते. तिकडे वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडे झाडीपट्टीची नाटकं हिवाळाभर रात्र-रात्र चालतात, लेकरं तिथे चादर घेऊन बसतात, पहाटेपर्यंत अर्धी जागी असतात, आणि नाट्यपदाला "वन्स मोअर" कुठे पडतो हे त्यांना ठाऊक असतं. शहरातल्या पुष्कळ मुलांना जमिनीवर बसून तीन तास ऐकायची सवय नसते. आपल्या लेकरांना ती आहे.

नवीन काय असतं? शब्द कमी आणि स्वर जास्त. कीर्तनात गोष्ट असते, इथे एकच ओळ अर्धा तास फिरते. हे लेकराला आधी सांगून ठेवा. गवई एक ओळ घेऊन ती वेगवेगळ्या वाटांनी नेतो आणि दर वेळी एका ठरलेल्या जागी परत आणतो. त्या जागेला सम म्हणतात. सम कळली की लेकरू ऐकायला लागतं, कारण आता त्याला वाट पाहण्यासारखं काहीतरी सापडलेलं असतं. भजनात टाळ धरलेल्या पोराला तर सम सांगावीही लागत नाही, त्याची मान आपोआप खाली येते. माझ्या शेजारी बसलेल्या पोरांच्या माना मी पाहिल्या आहेत, त्यांना तालाचं एक अक्षर शिकवलेलं नव्हतं.

शिवाय सगळं समजलंच पाहिजे असं कोणी सांगितलं? चार तानपुरे लागले की मांडवात जो आवाज भरतो, तेवढा ऐकला तरी जाणं झालं.

जाण्याआधी घरी काय तयारी करावी?

पंधरा दिवस आधीपासून रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं. जास्त नको.

पहिली गोष्ट ताल. तीनताल सोळा मात्रांचा. हातावर धरायला शिकवा: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात उलटा करायचा. लेकरं हे दोन दिवसांत खेळासारखं उचलतात. मग झपताल दहा मात्रांचा, एकताल बाराचा. एकतालात विलंबित, म्हणजे संथ लयीचा, ख्याल सुरू झाला की मात्रा इतक्या लांब होतात की मोठ्यांचाही हिशेब सुटतो, तेव्हा लेकरांना तिथे मोजायला लावू नका. द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाल्यावर मोजू द्या.

दुसरी गोष्ट, एक-दोन राग कानात बसवा. भूप चांगला, त्यात पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. पेटीवर वाजवून दाखवता येतो. मग यमन, त्यात तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, येतो आणि संध्याकाळी तो कोणाकडून तरी ऐकायला मिळण्याची शक्यता बरी असते. लेकराला ओळखीचा राग मांडवात भेटला की त्याचा चेहरा पाहा.

तिसरी गोष्ट, रागाला वेळ असते हे सांगा. उन्हं कलताना मारवा, पूरिया, दिवेलागणीला यमन, रात्र चढली की बागेश्री, मालकंस. शेतात वाढलेल्या लेकराला दिवसाचे प्रहर शहरातल्यापेक्षा नीट कळतात, त्यामुळे ही गोष्ट त्याच्या डोक्यात लगेच बसते. महोत्सव दुपारपासून रात्रीपर्यंत चालतो, त्यामुळे हा बदल तिथे प्रत्यक्ष ऐकायलाही मिळतो.

कोणत्या दिवशी जावं आणि किती वेळ थांबावं?

शनिवार किंवा रविवारची दुपार. सुरुवातीलाच जा. सहसा सुरुवातीला तरुण कलाकार असतात आणि शेवटी ज्येष्ठ. मोठ्या नावांसाठी लोक संध्याकाळी येतात, म्हणून दुपारी मांडव मोकळा असतो, पुढे बसता येतं, लेकरूही ताजंतवानं असतं. तरुण गायक-वादक जीव ओतून गातात, वाजवतात, कारण या मंचावर बोलावणं येणं ही त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट असते.

दोन कलाकार ऐका. फार तर तीन. म्हणजे साधारण तीन तास होतात. तेवढ्यात उठायचं असं निघतानाच ठरवा, आणि लेकरू स्वतःहून "अजून थांबू" म्हणालं तरच थांबा. पाचही दिवसांचं तिकीट काढून लेकरांना रोज बसवणारे आईबाप मला भेटले आहेत. पैसे वसूल करायच्या नादात तिसऱ्या दिवशी पोरगं गाण्याच्या नावानेच तोंड फिरवतं. एका दिवसाचं तिकीट मिळतं, तेच काढा. काढताना लेकराचं वय सांगून त्याला तिकीट लागेल का तेही विचारून घ्या.

कोणाकोणाचं गाणं आहे ते आधी जाहीर होतं. त्यात वादन असलेला दिवस निवडता आला तर लहानांसाठी उत्तम. तबलजी आणि सतारिया यांची सवाल-जवाबासारखी लढत लागली की चार वर्षांचं पोरही उठून उभं राहतं.

पण डिसेंबरात कापूस असतो, शाळा असते…

असते. वेचणीला मजूर मिळत नाही, तूर उभी असते, संत्र्याचा अंबिया बहार तोडणीला आलेला असतो. ज्याच्या घरी हे सगळं एकाच माणसावर आहे, त्याने अपराधी वाटून घेऊ नये, पुढच्या वर्षी जावं. ज्याला जमतं त्याने शुक्रवार-सोमवार एवढाच वेळ काढावा. शाळेच्या गुरुजींना खरं कारण सांगा. "गाणं ऐकायला नेतो" म्हटल्यावर नाही म्हणणारे गुरुजी मला तरी भेटले नाहीत. शाळेचं स्नेहसंमेलन त्याच आठवड्यात येत असेल तर मात्र लेकराला विचारून ठरवा. त्याचा नाच बसलेला असेल तर तो त्याच्यासाठी सवाईपेक्षा मोठा असतो, आणि तो मान त्याला द्यावा.

गाडी कोणती बरी?

लेकरं सोबत असतील तर आगगाडीच. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत वाकडं होऊन झोपलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी काही ऐकत नाही.

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आपल्या सोयीची. नागपूर, वर्धा, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव अशी ती येते, आपल्याकडे दुपारी मिळते आणि रात्र संपतासंपता पुण्यात उतरवते. हावड्याहून येणारी आझाद हिंद आहे, नागपूर-पुणे गरीब रथ आहे. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारतही सुरू झाली आहे, ती सकाळी निघून रात्री पोचते. दिवसाचा प्रवास आवडणाऱ्यांना ती चांगली, पण सगळ्या खुर्च्याच आहेत, आडवं होता येत नाही. वेळा बदलत असतात, निघण्याआधी पाहून घ्या.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरच्या मध्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यात. दिवाळीच्या धामधुमीत हे विसरतं, म्हणून आताच कॅलेंडरवर खूण करा. पाच वर्षांखालच्या लेकराला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. पाच पूर्ण ते बारा वर्षांच्या आतलं असेल तर बर्थशिवाय अर्धं आणि बर्थ हवा असेल तर पूर्ण. वयाचा दाखला जवळ ठेवा.

स्टेशनपर्यंत एसटी असेल तर तिथेही पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट आहे आणि बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं भाडं.

मूर्तिजापूरहून गाडी हलताना लेकरांना एक गोष्ट जरूर सांगा. डॉ. वसंतराव देशपांडे १९२० साली याच मूर्तिजापुरात जन्मले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, पुढे पुण्यात राहिले, नोकरी सांभाळून गायले, आणि त्यांच्यासारखा गवई पुन्हा झाला नाही. आपल्याच फलाटावरून गाणं पुण्याला गेलेलं आहे हे ऐकून पोरं ताठ बसतात.

पुण्यात उतरल्यावर मुकुंदनगरला कसं जायचं?

मुकुंदनगर स्वारगेटच्या जवळ आहे. पुणे स्टेशनवरून मेट्रो धरा, सिव्हिल कोर्टला बदला आणि स्वारगेटला उतरा, तिथून रिक्षा. पिंपरीकडे पाहुण्यांच्या घरी उतरला असाल तर आणखी सोपं, पिंपरीहून स्वारगेटपर्यंत एकच मेट्रो आहे, बदलावी लागत नाही. रात्री परतताना शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच पाहून ठेवा. लेकरांना भुयारातली मेट्रो पाहायची असते, तो वेळ हिशेबात धरा. तेही त्यांच्या सहलीतलंच.

आदल्या दिवशी पोचा. पहाटे उतरून त्याच दुपारी मांडवात बसवू नका. घाई झालीच तर सकाळी सगळ्यांनी पोटभर जेवून झोप काढायची, बाकी पुणं राहू द्यायचं.

बसायचं कुठे? खुर्ची की भारतीय बैठक?

भारतीय बैठक. स्वस्त असते, लेकरू मांडीवर किंवा बाजूला आडवं होऊ शकतं आणि आपल्याला खाली बसायची सवय आहेच. मात्र अगदी मधोमध बसू नका. कडेला, बाहेर जायच्या वाटेजवळ बसा, म्हणजे उठताना कोणाच्या पायावरून जावं लागत नाही. खाली अंथरायला जाड सतरंजी किंवा घोंगडी न्या. डिसेंबरात जमीन गार पडते.

आजोबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांच्यासाठी खुर्चीचं तिकीट वेगळं काढा.

आवाज फार मोठा असतो का? लेकरांच्या कानांना त्रास?

सवाईतला आवाज डीजेसारखा नसतो, पण स्पीकरसमोर बसलात तर तोही लहान कानांना जास्तच होतो. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण असं, की मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकलं तर चालतं, लेकरांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबलची. मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, तेव्हा साधी पारख करा: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर ती जागा लेकरासाठी नाही, मागे सरका.

कापसाचा बोळा कानात घालून काम भागत नाही. आपल्याकडे कापूस घरचा असतो म्हणून ही सवय आहे, पण त्याने आवाज फारसा अडत नाही. लहानांसाठी डोक्यावरून घालायचे कान झाकणारे पट्टे मिळतात, ते घ्या. गावातल्या लग्नाच्या वरातीत डीजेपुढे तर ते जास्तच कामी येतील. तिथे लेकरांच्या कानांचं काय होतं याचा विचार आपण करत नाही, आणि तो करायला हवा.

थंडीचं काय? आमच्या पोरीला सिकलसेल आहे.

थंडी आपल्याकडेही असते, पण मांडव चारी बाजूंनी मोकळा असतो आणि बसून राहिल्यावर गारठा जास्त लागतो. स्वेटर, कानटोपी, मोजे आणि वरून एक चादर. दुपारी ऊन असतं म्हणून पोरं स्वेटर घरी टाकून येतात, ते तुम्ही पिशवीत घ्या.

सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, त्याबद्दल नीट वाचा. मेळघाटात आणि पूर्व विदर्भात अशी लेकरं बरीच आहेत, आणि त्यांना घरी डांबून ठेवायची गरज नाही. पण थंडी, अंगातलं पाणी कमी होणं आणि दमणूक, या तिन्हींनी दुखण्याचा झटका येऊ शकतो, आणि प्रवासात नेमक्या याच तीन गोष्टी एकत्र येतात. म्हणून निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि जायला हरकत नाही ना ते विचारा. रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक पुडकं तुमच्या पिशवीत, एक दुसऱ्याच्या. सिकलसेलचं कार्ड आणि औषधांची चिठ्ठी जवळ ठेवा. गाडीत संडासाला जायला नको म्हणून पोरी पाणी पीत नाहीत, त्यांना आठवणीने पाजा. अंगात ऊब राहू द्या. ताप आला, छातीत दुखू लागलं, धाप लागली किंवा दुखणं नेहमीच्या गोळीने थांबेना, तर गाणं सोडून थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि पहिल्याच वाक्यात "सिकलसेल आहे" असं सांगा.

गर्दीत लेकरू चुकलं तर?

गर्दी शिस्तीची असते, पण मांडव मोठा आणि खाण्याच्या स्टॉलकडे वर्दळ असते. आत शिरल्याबरोबर एक जागा दाखवून ठेवा: "चुकामूक झाली तर इथे थांबायचं, हलायचं नाही." लेकराच्या खिशात तुमचा मोबाइल नंबर आणि पुण्यातल्या पाहुण्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. लहानाच्या हातावर पेनाने लिहिलं तरी चालतं. मदतीसाठी ११२ आणि लेकरांसाठीचा १०९८ हे नंबर पाठ करवून घ्या. गाडीत काही झालं तर १३९.

याच महोत्सवाच्या संस्थापकाची एक गोष्ट आहे, ती लेकरांना फार आवडते. भीमसेनजी लहानपणी वाजंत्री, भजनाची मिरवणूक दिसली की तिच्या मागे मागे जात आणि दमून कुठेतरी झोपून जात. घरचे शोधून थकले. शेवटी वडिलांनी त्यांच्या सदऱ्यावर "जोशी मास्तरांचा मुलगा" असं लिहून ठेवलं, म्हणजे ज्याला सापडेल तो घरी आणून सोडेल. पुढे अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात ते घर सोडूनच निघाले. तेव्हा खिशातली चिठ्ठी पाहून तुमचं पोरगं लाजलं तर त्याला हे सांगा.

मधेच कंटाळलं, रडायला लागलं, झोपलं तर?

झोपलं तर झोपू द्या. गाण्यात झोपणं हा काही अपमान नाही, त्यावर चादर घाला.

कंटाळलं तर बाहेर न्या. बाहेर पुस्तकांचे, खाण्याचे स्टॉल असतात, आवाज तिथेही ऐकू येतो. थोडं हिंडून परत आलं की बसतं. रडायला लागलं तर मात्र त्याच क्षणी उठा. विलंबित आलापात एका लेकराचं रडणं सगळ्या मांडवाचा धागा तोडतं, आणि गवयाचाही. एरवी ये-जा करायची ती एक बंदिश, म्हणजे गाण्याची एक रचना, संपून टाळ्या पडताना.

हाती मोबाइल देऊन गप्प बसवू नका. पडद्याचा उजेड मागच्यांच्या डोळ्यांवर येतो, आणि लेकराचे कानही तिथून उठून जातात. त्यापेक्षा कोरी वही आणि रंग द्या. माझी भाची मांडवात बसून फक्त तानपुरे काढते, आणि काढता काढता सगळं ऐकते. रेकॉर्डिंग करू नका, परवानगी नसते.

खाण्याचं काय?

आत मिळतं सगळं, पण रांगा असतात आणि घरच्या माणसांना जड जातं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा, आणि आपली संत्री. सोलून घेऊन जा, तिथे साली टाकत बसू नये. शेगावची कचोरी जाताना नको, येताना खाऊ द्या. मांडवात बसून डबा उघडू नका, बाहेर येऊन खा.

पुण्यातले लोक आमच्या बोलीला हसतील का? लेकरं बुजतात.

मांडवात बाजूला बसलेली माणसं बहुतेक गाण्यासाठी आलेली असतात. एखाद्या आजी तुमच्या पोराच्या हातावरचा ताल पाहून त्याला बडीशेप देतील, विचारपूस करतील. "कुठून आले?" म्हटलं की लेकराला गावाचं नाव नीट, मोठ्याने सांगू द्या. त्याची बोली तुम्ही त्याच्या तोंडावर दुरुस्त करू नका. "आमच्या गावी पण भजन असते न जी" असं त्याने म्हटलं तर ते अगदी बरोबर आहे. तुम्हीच दबून बोललात तर ते तुमच्याकडून दबणं शिकेल. कपडेही धुतलेले, रोजचे चांगले घाला, त्यासाठी नवी खरेदी नको.

पुण्याला जाणं जमणार नाही. जवळ काही?

नागपूर आहे की. वसंतराव देशपांडे यांचा स्मृतिदिन ३० जुलै. त्या सुमारास दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरात त्यांच्या नावाचा संगीत समारोह भरवतं. सभागृह बंदिस्त आहे, थंडी-पावसाची भीती नाही. अडचण एवढीच की तो काळ निंदणा-डवरणीचा. पाऊस लागून राहिला आणि शेतात पाय टाकता येत नसेल, तर तोच दिवस साधा.

हिवाळ्यात नागपूरला खासदार सांस्कृतिक महोत्सव होतो. तिथे गर्दी मोठी, कार्यक्रम सगळ्या तऱ्हेचे. लहान लेकरांना पहिल्यांदा मोठा मंच दाखवायला बरा, पण शांत बसून ऐकायची सवय लावायला वसंतरावांचा समारोह बरा.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात किंवा नागपुरात पाहुण्यांकडे असाल तर दिवाळी पहाट सोडू नका. पहाटेची वेळ, दोन-तीन तासांचा कार्यक्रम, भक्तिगीतं-नाट्यपदं जास्त. पहिल्यांदा ऐकणाऱ्या लेकराला याहून सोपा दरवाजा नाही.

आजी-आजोबांना सोबत न्यावं का?

नक्की न्या. भीमसेनजींची संतवाणी रेडिओवर ऐकत त्यांची उमर गेलेली असते, आणि लेकराला शेजारी बसून "हा अभंग आपण वारीत म्हणतो" हे सांगणारं तेच माणूस असतं. एसटीत ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत आहे. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा पूर्ण भाडं धरा आणि खालचा बर्थ मागा.

परत आल्यावर पोरगी म्हणते मला शिकायचं आहे. गावात कोण शिकवणार?

आधी गावातलंच दार वाजवा. भजनी मंडळातला पेटीवाला, पखवाज वाजवणारे बुवा, हे सूर-ताल पक्का करून देतात, आणि बहुतेक जण पैशाचं नाव काढत नाहीत. दोन-तीन महिने ती टिकली तर तालुक्याच्या गावी संगीत विद्यालय शोधा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तालुक्या-जिल्ह्याच्या केंद्रांवर होतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा आणि पुढे विशारद. ठरावीक परीक्षा पास असेल तर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेतूनच जातो, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा.

पेटी लगेच विकत घेऊ नका. मंडळाची पेटी आठवडाभर देवळातच पडून असते, ती संध्याकाळी तासभर वापरू द्या म्हणून मागा. आणि पोरगी आहे म्हणून "भजनी मंडळात पोरी कुठे असतात" असं कोणी म्हणालं, तर तिच्यासोबत तुम्ही स्वतः जाऊन बसा.